मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर १२,५०० किमी, मग सोळा तास का?

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किमी आणि विमानाचा वेग ताशी ९०० किमी असताना चौदा तास पुरायला हवेत, मग तिकिटावर सोळा तास का दाखवतात, असे आपण विचारले आहे. आपला भागाकार बरोबर आहे. फक्त ज्या अंतराला आपण भागले, तेवढेच अंतर विमान कापते असे नाही.

हा आकडा पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाचा आहे. आम्हां सोलापूरकरांच्या घरी सुताला तोटा नाही, म्हणून मी एकदा नातवाच्या पृथ्वीगोलावर चादरीचा धागा ताणून पाहिला. भिंतीवरच्या नकाशात अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून जाईलसे वाटणारी रेषा प्रत्यक्षात वायव्येकडे चढत आइसलँडवरून आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून गेली. विमानाला मात्र हा धागा धरून जाता येतेच असे नाही. पाकिस्तानने २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत आपली हवाई हद्द बंद ठेवली होती, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागत होता. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्याची आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत पोहोचण्याची मिनिटेही धरलेली असतात.

दुसरे आणि मोठे कारण वाऱ्याचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना अंगावर येतात आणि परतताना पाठीशी असतात, त्यामुळे येतानाचा प्रवास साधारण तास-दीड तासाने कमी होतो. याचे मला फार आवडणारे उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गाचे आहे: २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेले, तेव्हा सुमारे १३,९०० किमीऐवजी १५,३०० किमी उडूनही ते साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोहोचले.

तिकिटावरील घड्याळानेही फसू नये, कारण दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते (उन्हाळ्यात साडेनऊ), म्हणून मुंबईहून रात्री दीडला निघालेले विमान सोळा तासांनी त्याच तारखेला सकाळी सातला उतरते आणि प्रवास साडेपाच तासांचाच भासतो.

आपण सोलापूरहूनच निघणार असल्याचे लिहिले आहे. रेल्वेने मुंबई ४५५ किमी आहे आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसला त्यासाठी अख्खी रात्र लागते. विमान मध्यरात्रीनंतरचे असेल, तर पहाटे मुंबईत उतरून दिवसभर सामान सांभाळत बसण्यापेक्षा सकाळची वंदे भारत धरावी, म्हणजे दुपारी पोहोचून विमानतळावर तीन तास आधी हजर राहायला पुरेसा वेळ हाताशी राहतो.