चौकातल्या अँटेनाला तुमची गाडी ओळखू येईल का?

प्रश्न : पुढे गाड्या वायरलेसने एकमेकींशी बोलणार म्हणे. मग पलासिया चौकात अँटेना लावून बसलेल्याला माझं रोजचं येणं-जाणं कळणार नाही का? हे संदेश कूटबद्ध का करत नाहीत?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : तुम्ही ब्रेक दाबलात, हे मागच्या अनोळखी गाडीला तत्क्षणी कळायला हवं. कूटबद्ध संदेश उलगडायची किल्ली तिच्याकडे कुठली असणार? म्हणून जागा, वेग, दिशा हे सगळं उघडंच जातं. सेकंदाला साधारण १० वेळा, ५.९ गिगाहर्ट्‌झवर, काही शे मीटरपर्यंत. सोबत डिजिटल सही असते. संदेश अधिकृत यंत्राचा आहे आणि वाटेत बदललेला नाही, एवढंच तिच्यावरून कळतं. मालकाचं नाव किंवा गाडीचा नंबर त्यात नसतो.

पण सही खरी असल्याची ग्वाही देणारं, तिच्यामागचं डिजिटल प्रमाणपत्र कायम एकच राहिलं, तर तीच तुमची ओळख झाली. म्हणून टोपणनावाची प्रमाणपत्रं आलटूनपालटून वापरतात. अमेरिकी आराखड्यात आठवड्याला २०. खरी गोम पुढेच आहे. प्रमाणपत्र बदललं आणि रेडिओचा मॅक पत्ता (प्रत्येक प्रसारणासोबत जाणारा यंत्राचा क्रमांक) जुनाच राहिला, तर सगळं मुसळ केरात. दोन्ही एकाच क्षणी बदलायला हवेत, संदेशातला तात्पुरता ओळखक्रमांकही.

तेवढ्यानंही भागत नाही. ताशी ६० किलोमीटरला दोन संदेशांमध्ये गाडी जेमतेम १.७ मीटर सरकते. रात्री तुमच्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर एकटीच गाडी असेल, तर तेवढ्याच अंतरावर उगवलेलं नवं नाव कोणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. तोच बदल सिग्नलच्या दाटीत झाला, तर माग काढणं कठीण. बदलताना काही सेकंद प्रसारण बंद ठेवण्याचा उपायही सुचवला जातो, पण तेवढा वेळ मागच्याला इशारा मिळत नाही. आमच्या मते गर्दीत बदलणंच बरं.

प्रश्न : सही खरी आणि बातमी खोटी, असं होऊ शकतं?

उत्तर : होऊ शकतं. म्हणून घेणाऱ्या गाडीनं तो संदेश स्वतःच्या रडार-कॅमेऱ्याशी ताडून पाहायला हवा. वारंवार खोटं सांगणाऱ्याची प्रमाणपत्रं रद्द करतात.

प्रश्न : आजच्या गाडीत काय जपावं?

उत्तर : टायरमधला हवेच्या दाबाचा सेन्सर बहुतेक वेळा एकच ठरलेला क्रमांक उघडपणे पाठवतो. अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये अॅम्प्लिफायर लावून तो ४० मीटरवरून टिपला होता. मालकाला तो बदलता येत नाही. गाडी विकताना मात्र आधी गाडीच्या कंपनीच्या अॅपमधल्या खात्यातून गाडी काढा, मगच स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट करा. नुसत्या रीसेटनं गाडीतले फोन नंबर आणि पत्ते पुसले जातात. कंपनीच्या सर्व्हरवरची तुमच्या खात्याशी जोडणी तशीच राहू शकते. फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या.