एव्हीआर गुन्हेगार नाही, आधी हर्ट्झकडे बघा

दादा, कुपवाडच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजचा तुमचा प्रश्न वाचला. १२५ केव्हीएचा टर्बो डिझेल जनरेटर सेट, मेकॅनिकल गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचा वेग सांभाळणारा). मोकळा, म्हणजे लोड नसताना, चालताना बरोबर ५० हर्ट्झ, ४१५ व्होल्ट. दुसरा कॉम्प्रेसर लावला की ४४ हर्ट्झ, ३८५ व्होल्ट आणि सावरायला चार-पाच सेकंद. वर संध्याकाळी भरल्या लोडवर दिवे लुकलुकतात. एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं कार्ड, नवा टाकला, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतोय, यूएफआरओचा पॉट (हर्ट्झ किती पडल्यावर एव्हीआरने व्होल्टेज सोडायचं ते ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवतो म्हणजे व्होल्टेज पडणार नाही. त्या पॉटला हात लावू देऊ नका.

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ५० हर्ट्झच्या सेटवर हर्ट्झ साधारण ४७.५ च्या खाली गेले की एव्हीआर त्याच प्रमाणात व्होल्टेज खाली सोडतो. ४४ भागिले ४७.५, गुणिले ४१५. येतात ३८४. म्हणजे एव्हीआर चोख काम करतोय, आणि काढून ठेवलेला जुनाही करतच होता. तो फेकू नका, स्पेअर म्हणून राहू द्या.

तो व्होल्टेज सोडतो ते इंजिनासाठी. ३८५ व्होल्टवर हीटरसारखा लोड १४ टक्क्यांनी हलका होतो, सुरू होणाऱ्या मोटारीचा ओढाही तसाच उतरतो. तेवढ्या वेळात गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि टर्बो हवा भरतो. ४४ हर्ट्झलाही ४१५ धरून ठेवले तर इंजिनाला उसंतच नाही. ते आणखी बसणार, एखाद्या दिवशी बंदही पडणार. शिवाय कमी हर्ट्झला पूर्ण व्होल्टेज म्हणजे अल्टरनेटरच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) फील्ड कॉइलला जास्त करंट. तो करंट पुरवणारे एक्सायटर आणि डायोड तापतात, आणि ते खर्चाचं काम आहे.

मला खटकतंय ते 'मोकळा असताना बरोबर ५०'. मेकॅनिकल गव्हर्नरला ड्रूप असतो, लोड वाढेल तसा वेग थोडा उतरतोच. ४ टक्के धरा: मोकळा ५२ हर्ट्झ, म्हणजे १५६० आरपीएम ठेवला तर पूर्ण लोडवर ५० मिळतात. मोकळाच ५० ला बांधला तर लोडवर ४८, आणि ४७.५ ची मर्यादा अगदी पायाशी. मग जरा धक्का बसला की सेट मर्यादेखाली जातो. व्होल्टेज उतरतं, लोड हलका होतो, इंजिन वर येतं, व्होल्टेज परत चढतं, लोड परत बसतो. तुमचे दिवे बहुधा याच शिवाशिवीत लुकलुकताहेत. मीटरवर ५० दिसलं की मालकही खूश, म्हणून ही सेटिंग जिकडेतिकडे सापडते.

वेग वाढवण्याआधी मात्र डिझेल फिल्टर, वॉटर सेपरेटर, एअर फिल्टर आणि गव्हर्नरचं लिंकेज (त्याला डिझेल पंपाशी जोडणाऱ्या दांड्या) बघून घ्या. लिंकेज हाताने हलवलं तर अडखळायला नको, ढिलंही नको. चोंदलेल्या फिल्टरवर गव्हर्नर पंपाचा रॅक (डिझेल वाढवणारा दांडा) कितीही ढकलू दे, डिझेल येणार कुठून?

एवढं करूनही लुकलुक राहिली तर सेट बंद करून एव्हीआरची के१-के२ लिंक काढा, म्हणजे फील्डचा करंट (एक्सायटेशन) तुटेल, आणि मोकळा चालवा. एक्सायटेशन तुटलं तरी टर्मिनलवर थोडं व्होल्टेज राहतं, हात लांब ठेवा. आता इंजिनाचा आवाज हेलकावे खात असेल तर दोष गव्हर्नर किंवा डिझेलच्या बाजूला. आवाज एकसारखा असेल, तरच एव्हीआरच्या स्टॅबिलिटी पॉटकडे वळा, तेही अगदी थोडं-थोडं फिरवून.

याउलट हर्ट्झ ५० ला ठाम राहून व्होल्टेजच पडत असेल, तर तो मामला वेगळा. डीओएल (थेट पूर्ण व्होल्टेजवर लावलेली) मोटार सुरू होताना सहा-सातपट करंट ओढते, पण पॉवर फॅक्टर फार कमी असतो, म्हणजे करंटच्या मानाने इंजिनाची ताकद कमी लागते. मार अल्टरनेटरवर बसतो, इंजिनावर कमी. तिथे एव्हीआर, डायोड किंवा सेटची साइज तपासायची.

कॉम्प्रेसर स्टार-डेल्टावर (आधी स्टारमध्ये कमी, मग डेल्टात पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या स्टार्टरवर) आहे का आणि अनलोडर (सुरुवातीला कॉम्प्रेसरवरचा दाब काढणारा) लागूनच सुरू होतो का, ते कळवा. स्टार्टरचा टायमर लवकर पलटत असेल तर मोटार वेग घ्यायच्या आत डेल्टात जाते आणि तिथेच मोठा झटका बसतो. मोकळे ५२ करून, दोन्ही कॉम्प्रेसर चालू असताना किती हर्ट्झ राहतात तो आकडा इथे टाका.