बर्लिन ते म्युनिक प्रवासात एक रात्र कुठे थांबावं?

आई-बाबांना घेऊन ट्रेनने जाताय, मध्ये एक रात्र जुन्या गावात काढायचीय आणि मनात रोथेनबुर्ग आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर या खेपेला रोथेनबुर्ग राहू द्या. गाव देखणं आहे, जुन्या तटबंदीवरून चालताही येतं, पण ते मुख्य मार्गावर नाही. न्यूर्नबर्गला उतरायचं, मग आन्सबाख, मग श्टाइनाख, दर वेळी बॅगा खाली-वर. एका रात्रीसाठी एवढी यातायात कशाला?

त्यापेक्षा बाम्बर्गला उतरा. बर्लिन-म्युनिक आयसीई (जर्मनीची वेगवान ट्रेन) तिथे थांबते (सगळ्या नाही, तिकीट काढताना बघा). दुसऱ्या महायुद्धात शेजारची न्यूर्नबर्ग, वुर्झबुर्ग बेचिराख झाली, हे गाव बरंचसं वाचलं. 1993 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुनं नगरभवन चक्क नदीच्या मधोमध. बिशप जागा देईना म्हणून गावकऱ्यांनी पात्रातच खांब रोवून ते उभं केलं, अशी दंतकथा. त्याच्या रंगवलेल्या भिंतीवर एका देवदूत-बाळाचा पाय चित्रातून खरोखरच बाहेर आलेला आहे, तो शोधायला लावा. माझ्या आईला दहा मिनिटं लागली. वर टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये पोप क्लेमेंट दुसरे यांची कबर आहे. आल्प्सच्या उत्तरेला पोपची कबर एवढी एकच.

आणि राउखबिअर! धुरावलेल्या माल्टची बिअर. पहिल्या घोटाला माझे बाबा म्हणाले, "चुलीत पडली होती का ही?" ग्लास मात्र संपवला.

अडचण एकच. जुनं गाव स्टेशनपासून दीड-एक किलोमीटर, रस्ते दगडी आणि कॅथेड्रलकडे चांगलाच चढ. चाकांची बॅग तिथे जीव काढते. बस किंवा टॅक्सी घ्या. गुडघे फारच दुखत असतील तर एरफुर्ट बरं: त्याच मार्गावर, गावात ट्राम, बरंचसं सपाट, आणि 1325 मध्ये दगडात बांधलेला क्रेमरब्र्युक पूल. त्यावर दोन्ही बाजूंना घरं आहेत आणि त्यांत आजही लोक राहतात.

स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं, त्यामुळे रात्रीचा मुक्काम बुकिंग करतानाच मधला थांबा म्हणून टाका. नंतर जमत नाही. आणि रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा बाबांची औषधं, बिस्किटं शनिवारीच घेऊन ठेवा.