फ्लामेंकोतलं 'अलेग्रीआस' : आनंदगीत म्हणावं का?

प्रश्न असा आहे : फ्लामेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधली गाणं, गिटार आणि नाच यांची कला. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत 'अलेग्रियास' असं एका गानप्रकाराचं नाव छापलेलं असतं, आणि स्पॅनिशमध्ये 'अलेग्रिया' म्हणजे आनंद. त्याला मराठीत 'आनंदगीत' म्हणता येईल का, आणि खरा उच्चार काय?

उच्चार आधी. आघात 'ग्री'वर येतो, म्हणून 'अलेग्रीआस' लिहावं. हे गाणं दक्षिण स्पेनमधल्या कादिस या बंदराचं. तिथल्या बोलीत शेवटचा 'स' जवळजवळ विरून जातो.

'आनंदगीत' मात्र नको. त्याने सणासमारंभाचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. स्पॅनिश 'अलेग्रे' हे विशेषण ज्या लॅटिन शब्दावरून आलं, त्याचा अर्थ चपळ, तरतरीत, हुरूप असलेला. इटालियन 'अलेग्रो' त्याच कुळातला. अनेकवचन पाहून 'छोटी छोटी सुखं' असा अर्थ लावायचा मोह होईल, पण बुलेरीआस, तांगोस अशी फ्लामेंकोतल्या कितीतरी प्रकारांची नावं अनेकवचनीच असतात. त्यावरून फार काही काढू नये.

हा हुरूप कसला, ते कादिसच्या इतिहासात दिसतं. 1810 ते 1812 या काळात नेपोलियनच्या सैन्याने शहराला वेढा घातला होता. ईशान्य स्पेनमधल्या अरागॉनकडची 'खोता' ही लोकधून याच सुमारास इथे रुजली आणि तिच्यातून अलेग्रीआस घडलं, असं परंपरेने मानतात. म्हणून तर दक्षिणेतल्या या गाण्यात अरागॉनमधून वाहणाऱ्या, पार उत्तरेकडच्या एब्रो नदीचं नाव येतं! वेढ्याच्या काळातलं एक लोकपद अजून या चालीत गातात : हे बढाईखोर जे बॉम्ब टाकतात, त्याच बॉम्बनी कादिसच्या बायका आपल्या बटा कुरळ्या करतात. मला यापेक्षा सुंदर उत्तर ठाऊक नाही. मरण दाराशी आलंय आणि बाई वेणीफणी सोडत नाही.

रचनेतही हेच आहे. आवर्तन 12 मात्रांचं, पण आपल्या एकतालासारखे दोन-दोनचे सहा विभाग नाहीत. तीन, तीन, दोन, दोन, दोन असे आघात पडतात, त्यामुळे लय सतत पुढे झेपावते. नाचासाठी गातात तेव्हा मध्येच 'सिलेन्सिओ' येतो. गाणं थांबतं, गिटार एकटी उदास स्वरांत उतरते, नर्तकीही संथ होते. मग पायांच्या ठेक्याचा भाग सुरू होतो, त्याचं नाव 'एस्कोबिया', शब्दशः छोटी केरसुणी. शेवटाकडे लय चढत जाते. उदासी वगळून हे गाणं पुरं होत नाही, हे 'आनंदगीत' या शब्दात कुठेच येत नाही.

तेव्हा प्रकाराचं नाव म्हणून 'अलेग्रीआस'च ठेवा, ठुमरीला आपण ठुमरीच म्हणतो तसं. ओळख करून देताना अर्थ सांगावाच लागला तर 'उल्हास' चालेल. माझं मत विचाराल तर 'उमेद' जास्त जवळचा.