लोकलमध्ये रोज भजन म्हणणाऱ्यांना त्यातून नेमके काय मिळते?

मुंबईच्या लोकलमध्ये भर गर्दीत टाळ वाजवणारी माणसे खरोखर भाविक असतात की नुसता वेळ घालवतात, आणि इतरांना होणारा त्रास त्यांना कळत नाही का, असे आपण विचारले आहे. २००४ ते २०१५ अशी अकरा वर्षे मी डोंबिवलीहून सीएसटीला जात होतो. त्यातली नऊ वर्षे एका भजनी मंडळाबरोबर गेली आणि माझ्याही हातात टाळ असत, त्यामुळे हे उत्तर तटस्थ माणसाचे नाही, हे आधीच सांगतो.

भाविकतेचे म्हणाल, तर आमच्यातले निम्मे लोक घरी देवापुढे दिवासुद्धा लावत नसतील. एक गृहस्थ तर उघडपणे नास्तिक होते. पण अभंगाची नवी चाल सगळ्यांत आधी तेच उचलत. तरीही क्रम कधी चुकला नाही. ‘जय जय रामकृष्ण हरी’ने सुरुवात, मग रूपाचा अभंग, मग ज्याला जे सुचेल ते, दादरच्या सुमारास गौळण आणि भायखळा सुटल्यावर आवरते घेणे. पखवाज आणायला जागा नव्हती, म्हणून ठेका डब्याच्या पत्र्यावरच धरला जाई. त्या काळी फास्ट गाड्या ठाण्याच्या अलीकडे १९१६ साली सुरू झालेल्या पारसिकच्या बोगद्यातून जात. तो सव्वा किलोमीटरहून थोडा लांब आहे. गाडी आत शिरली की टाळांचा आवाज भिंतींवर आदळून दुप्पट होऊन परत येई, आणि एरवी बेसूर वाटणारे आम्ही पंधरावीस जण तेवढ्यापुरते एखाद्या मोठ्या दिंडीसारखे ऐकू येत असू. त्या मिनिटभरासाठी मी कितीतरी वेळा आधीची गाडी सोडली आहे.

पण खरी मिळकत सुरांची नव्हती. सकाळच्या डब्यात माणसाला नाव नसते. तो एक खांदा असतो, एक बॅग असते, किंवा ‘पुढे सरका हो’ असे ज्याला म्हणायचे तो असतो. भजनाच्या घोळक्यात मात्र प्रत्येकाला काहीतरी काम आणि म्हणून काहीतरी ओळख होती. आमचे बुवा एका कचेरीत शिपाई होते आणि त्याच कचेरीतले एक अधिकारी आमच्यात टाळकरी होते. गाडीत अधिकारी त्यांना ‘अहो बुवा’ म्हणत, त्यांनी पट्टी वर नेली की निमूटपणे मागे जात, आणि धृपद उशिरा उचलल्याबद्दल त्यांचे बोलणेही ऐकून घेत. सीएसटीला उतरून दोघे फलाटाच्या टोकापर्यंत बरोबर चालत. तिथून पुढे ते कधी बरोबर गेलेले मी पाहिले नाहीत. एक जण चहा प्यायला थांबे आणि दुसरा पुढे निघून जाई. कोण थांबणार हे त्यांनी कधी ठरवले असेल असे वाटत नाही, पण थांबत ते नेहमी बुवाच. सुमारे ४८ किलोमीटरच्या प्रवासापुरती जगाची उतरंड बदलत होती, तिकिटाच्या फाटकापलीकडे नाही. एवढेही पुष्कळ आहे, असे मला आजही वाटते.

आता त्रासाविषयी. तो होतो आणि म्हणणाऱ्यांना तो कळतोही. रात्रपाळी करून आलेला माणूस खिडकीला डोके टेकून डोळे मिटतो आणि त्याच्या कानापाशी टाळ वाजू लागतात. याला भक्तीचे नाव देऊन काही उपयोग नाही. पण माझ्या मते याहून मोठा दोष निराळा आहे. आमच्यात एक नियम होता: घाटकोपर आले की बसलेल्यांनी उठायचे आणि उभ्या असलेल्यांनी बसायचे. कोणी सांगावे लागत नसे. मात्र हा नियम आमच्यापुरताच होता. बाहेरच्या माणसासाठी आमच्याकडे रुमाल होता.

कल्याणहून चढणारे लोक डोंबिवलीकरांसाठी बाकावर रुमाल टाकून ठेवत. एकदा पावसाळ्यात मी डब्यात शिरलो तेव्हा एक विशीतला मुलगा त्या रुमालाशेजारी अर्धवट टेकला होता आणि आमचे एक ज्येष्ठ सभासद त्याला अगदी शांतपणे सांगत होते, ‘‘अहो, इथे माणूस आहे.’’ मुलाने रुमालाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि तो उठला. मी बसलो. त्या दिवशी बुवांनी तुकोबांचा वाळवंटातल्या खेळाचा अभंग घेतला होता, ज्यात वैष्णव क्रोध आणि अभिमान पायाखाली घालून एकमेकांच्या पाया पडतात. मुलाची प्लास्टिकची फाइल माझ्या डोक्यावर लटकत होती आणि तिच्यातून पावसाचे थेंब माझ्या टाळांवर पडत होते. बहुधा तो मुलाखतीला निघाला असावा. फाइल भिजू नये म्हणून ती तो मधूनमधून शर्टाला पुसत होता. विक्रोळीच्या आसपास माझे वर लक्ष गेले तेव्हा तो ओठांतल्या ओठांत धृपद म्हणत होता. चाल त्याला आमच्यातल्या काहींपेक्षा नेमकी ठाऊक होती.

घाटकोपरला मी उठलो होतो, नाही असे नाही. पण माझ्या जागी आमच्याच माणसाला बसवले आणि मी त्या मुलाच्या शेजारी उभा राहिलो. आपल्याकडचा टाळांचा एखादा जोड त्याला द्यावा, असे मनात आले होते. तेवढ्यात गौळण सुरू झाली, आणि तिच्यात माझा ठेका नेहमी चुकत असल्यामुळे मी सगळे लक्ष तिकडे दिले. तो दादरला उतरला.