जुनी माझ्दा एमएक्स-५ की फोर्ड फिएस्टा एसटी?

अरे, कागदावर बघशील तर माझ्दा केव्हाच हरली. १९८९ साली आलेली पहिली एमएक्स-५, दोनच सीटांची, १.६ लिटर, जेमतेम ११५ हॉर्सपॉवर. २०१८ची फिएस्टा एसटी तीनच सिलिंडरांतून २०० काढते. पण माझ्दाचं वजन टनाच्या आत आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे वळणावरची मजा तिचीच.

एमएक्स-५ घ्यायचीच तर आधी खाली वाक आणि मागच्या चाकांपुढचा, दाराखालचा पत्रा दाबून बघ. कापडी टपाचं पाणी जायची भोकं पाल्यापाचोळ्यानं तुंबतात, इंग्लंडातला पाऊस आत साचतो, पत्रा आतून सडतो. वरून रंग मात्र चकाचक! गाडीचा नंबर ऑनलाइन टाकून एमओटीचे, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचे, जुने शेरेही वाच, फुकट दिसतात.

घरात एकच गाडी असणार असेल तर मात्र निमूटपणे फिएस्टा घे.