४८६ मध्ये १६ एमबी रॅम असूनही डॉसचे गेम मेमरीबद्दल तक्रार का करतात, आणि संगीत वाजत असताना गोळीबाराचा आवाज का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे जुना ४८६ संगणक आहे; त्यात १६ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२ ही ऑपरेटिंग सिस्टिम, साउंड ब्लास्टर १६ हे आवाजाचे कार्ड आणि सीडी ड्राइव्ह आहे. ‘अल्टिमा ७’ हा गेम ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव घेऊन सुरूच होण्यास नकार देतो. ‘विंग कमांडर’ चालतो, पण इतरांच्या पडद्यावर दिसणारा वैमानिकाचा हलता हात तुमच्याकडे दिसत नाही. ‘डूम’मध्ये संगीत ऐकू येते, बंदुकीचा आवाज मात्र येत नाही, आणि तोच फोल्डर लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (डॉसच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकला तरी फरक पडत नाही. रॅम वाढवावी की कार्ड बदलावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोन्हीपैकी काहीही करू नये. तुम्ही कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या, संगणक सुरू होताना डॉस वाचतो त्या, दोन्ही फाइलींतील मजकूर प्रश्नात दिला आहे आणि तक्रारींची कारणे जवळजवळ सगळी त्यातच दिसतात. (खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत कराव्यात.)

आधी मेमरी पाहू. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसरला २० अॅड्रेस लाइन्स होत्या, म्हणजे त्याची मजल १ एमबीपर्यंतच होती. त्यातील खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी ठेवले गेले आणि वरचे ३८४ केबी व्हिडिओ मेमरी, कार्डांवरील रॉम आणि बायॉस यांसाठी राखले गेले. पुढे २८६, ३८६, ४८६ आले, रॅम वाढत गेली, पण डॉस रिअल मोडमध्येच, म्हणजे ८०८८ सारख्या जुन्या अवस्थेतच, चालत राहिल्यामुळे ही ६४० केबीची वेस तशीच राहिली. म्हणून तुमचे १६ एमबी म्हणजे एकसंध सोळा नव्हेत. ‘मेम /सी /पी’ ही आज्ञा दिल्यावर कन्व्हेन्शनल, अप्पर आणि एक्सटेंडेड असे जे वेगवेगळे रकाने दिसतात, त्यांतील कोणत्या रकान्यातली मेमरी गेमला हवी आहे हाच खरा प्रश्न असतो, आणि ‘मेमरी अपुरी’ या संदेशात नेमके तेच सांगितलेले नसते.

१ एमबीच्या पलीकडची मेमरी वापरण्याचे दोन मुख्य मार्ग होते. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या ईएमएस पद्धतीत अप्पर मेमरीतील ६४ केबीचा एक पट्टा मोकळा ठेवला जातो, आणि १६ केबीच्या चार पानांच्या रूपाने बाहेरची मेमरी गरजेप्रमाणे तिथे समोर आणली जाते. एक्सएमएस ही त्यानंतरची पद्धत, ती हायमेम.सिस हा ड्रायव्हर सांभाळतो. ३८६ किंवा त्यापुढच्या प्रोसेसरवर ईएमएससाठी वेगळे कार्ड लागत नाही, ईएमएम३८६ तिची नक्कल करते. मात्र त्यासाठी ती प्रोसेसरला व्हर्च्युअल ८०८६ नावाच्या अवस्थेत नेते आणि मग त्या यंत्राची खरी मालकी तिच्याकडेच राहते.

तुमच्या फाइलीत ‘ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस’ अशी ओळ आहे. बहुधा मेममेकर हा मेमरीची मांडणी आपोआप करणारा डॉसचा प्रोग्रॅम चालवल्यावर ती तिथे आली असावी. या एका ओळीमुळे तुमच्या दोन तक्रारी निर्माण झाल्या आहेत, आणि गंमत अशी की त्या परस्परविरुद्ध आहेत. विंग कमांडरला अतिरिक्त चित्रांसाठी ईएमएस हवी असते. ती मिळाली की कॉकपिटमधला हात जॉयस्टिकबरोबर हलू लागतो. ‘नोईएमएस’ म्हटल्यावर ती मिळत नाही, आणि गेम तक्रार न करता हात गाळून टाकतो. उलट, १९९२ मध्ये आलेल्या अल्टिमा ७ ला ईएमएस तर नकोच, पण ईएमएम३८६ चे अस्तित्वही चालत नाही. ओरिजिन या कंपनीने या गेमसाठी ‘वूडू’ नावाचा स्वतःचा मेमरी मॅनेजर लिहिला होता. तो प्रोसेसरला क्षणभर प्रोटेक्टेड मोडमध्ये नेतो, सेगमेंटची (मेमरीच्या एका तुकड्याची) ६४ केबीची मर्यादा उठवतो आणि रिअल मोडमध्ये परत येऊन सगळी मेमरी थेट वापरतो. ईएमएम३८६ ने प्रोसेसर आधीच ताब्यात घेतला असेल तर ही युक्ती करण्याची परवानगीच त्याला मिळत नाही, मग पुढे ‘नोईएमएस’ लिहिलेले असो वा नसो. त्यामुळे दोन्ही गेम खूश राहतील अशी एकच कॉन्फिग.सिस शोधत बसण्यात अर्थ नाही.

एमएस-डॉस ६ पासून यावर सरळ तोडगा आहे. कॉन्फिग.सिसमध्ये चौकोनी कंसात ‘मेन्यू’ असा विभाग करून ‘मेन्यूआयटम’च्या तीन ओळी लिहाव्यात, आणि त्या नावांचे तीन विभाग खाली द्यावेत. ‘कॉमन’ विभागात हायमेम.सिस, ‘डॉस=हाय’, ‘फाइल्स=३०’ आणि ‘बफर्स=२०’ एवढेच ठेवावे. पहिल्या विभागात ‘ईएमएम३८६.ईएक्सई रॅम’ आणि ‘डॉस=यूएमबी’ लिहिले की विंग कमांडरसारख्या गेमची सोय झाली. दुसऱ्यात ‘रॅम’च्या जागी ‘नोईएमएस’ ठेवावे. ईएमएसचा ६४ केबीचा पट्टा त्यामुळे ड्रायव्हरांसाठी मोकळा होतो आणि खालची मेमरी जास्त सुटते. तिसऱ्या विभागात काहीच लिहू नये. तो अल्टिमा ७ साठी. हायमेमची ओळ ईएमएम३८६ च्या आधीच आली पाहिजे, नाहीतर ईएमएम३८६ सुरू होणार नाही. निवडलेल्या विभागाचे नाव ‘कॉन्फिग’ या चलात राहते, म्हणून ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ‘गोटू %कॉन्फिग%’ लिहून तिथेही तीन वाटा करता येतात. अशी मेन्यूची फाइल तयार झाल्यावर तिच्यावर मेममेकर पुन्हा चालवू नये; तो एकाच मांडणीचा विचार करून ओळी फिरवतो आणि बाकीच्या दोन मांडण्यांची घडी विस्कटते.

तिसऱ्या मांडणीत एक अडचण येते. ईएमएम३८६ नसल्यामुळे अप्पर मेमरी मिळत नाही, ड्रायव्हर तिथे चढवणाऱ्या ‘डिव्हाइसहाय’ आणि ‘लोडहाय’ या आज्ञा निरुपयोगी ठरतात, आणि प्रत्येक ड्रायव्हर ६४० केबीतच जागा खातो. तिथे काटकसर करावीच लागते. अल्टिमा ७ फ्लॉपींवर आला होता आणि हार्ड डिस्कवरून चालतो, तेव्हा सीडीचा ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीचा एमएससीडीएक्स या विभागात नकोत, डिस्कचा वेग वाढवणारा स्मार्टड्राइव्हही नको. माऊस मात्र हवा, आणि त्यासाठी क्यूटमाऊस हा ड्रायव्हर मला मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरपेक्षा पसंत आहे, कारण तो फारच थोडी जागा घेतो.

आता मेमरी आणि आवाज यांची गाठ जिथे पडते तिथे येतो. तुमच्या कॉन्फिग.सिसमध्ये सीटीएसबी१६.सिस आणि सीटीएमएमसिस.सिस हे कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीचे दोन ड्रायव्हर आहेत, आणि आवाज जाईल या भीतीने तुम्ही त्यांना हात लावलेला नाही. ते निर्धास्तपणे काढून टाका. ते क्रिएटिव्हच्या स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी आहेत. डॉसचे गेम कार्डाशी मध्यस्थाशिवाय, थेट पोर्टवर बोलतात, आणि त्यांना फक्त कार्डाचा पत्ता माहीत असावा लागतो. पत्ता सांगण्याचे काम ऑटोएक्झेकमधील ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय७ डी१ एच५ पी३३० टी६’ ही ओळ करते: पोर्ट २२०, इंटरप्ट म्हणजे आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याची लाइन) ७, आठ बिटांचे डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून माहिती नेण्याची वाट) १, सोळा बिटांचे डीएमए ५, मिडीचे पोर्ट ३३० आणि कार्डाचा प्रकार ६. ही ओळ नुसती दारावरची पाटी आहे. पाटी बदलल्याने कार्ड हलत नाही, म्हणून कार्ड खरोखर कुठे आहे ते क्रिएटिव्हच्या ‘डायग्नोज’ प्रोग्रॅमने एकदा तपासून घ्यावे. (कार्ड प्लग-अँड-प्ले असेल तर सीटीसीएमची ओळ मात्र ठेवावी लागते, कार्डाला जागा नेमून देण्याचे काम ती करते.)

डूममध्ये संगीत येते आणि गोळीबार येत नाही, याचे कारण कार्डावर ही दोन कामे दोन स्वतंत्र भाग करतात. संगीत अॅडलिब या जुन्या कार्डाच्या वंशातील, सूर स्वतः तयार करणारी एफएम चिप वाजवते; तिला पोर्ट ३८८ वर आकडे लिहिले की पुरते, आयआरक्यू किंवा डीएमए लागत नाही. बंदूक, किंकाळ्या, दरवाजे हे मात्र ध्वनिमुद्रित नमुने असतात. ते डीएमएमार्फत मेमरीतून कार्डाकडे जातात, आणि एक तुकडा संपला की कार्ड आयआरक्यूद्वारे प्रोसेसरला ‘पुढचा द्या’ असे कळवते. गेम भलत्याच आयआरक्यूवर वाट पाहत असेल तर तो निरोप पोहोचत नाही. मग कधी शांतता असते, कधी पहिलाच तुकडा अखंड वाजत राहतो, तर कधी यंत्र गोठते. म्हणून संगीत ऐकू येणे हा कार्डाची मांडणी बरोबर असल्याचा पुरावा मानू नये. उलट, संगीत आहे आणि आवाज नाहीत असे दिसले, तर संशय सर्वप्रथम आयआरक्यूवर घ्यावा आणि नंतर डीएमएवर.

डूमच्या फोल्डरात डिफॉल्ट.सीएफजी ही साधी मजकूर फाइल आहे. तुम्ही तिच्यातील ज्या ओळी उतरवल्या आहेत त्यांत ‘एसएनडी_एसबीपोर्ट ५४४’ पाहून तुम्हाला शंका आली. ती ओळ बरोबर आहे, कारण सोळाच्या पद्धतीतले २२० म्हणजेच दहाच्या पद्धतीतले ५४४. चूक त्याच्या खालच्या ओळीत आहे. तिथे ‘एसएनडी_एसबीआयआरक्यू ५’ आहे आणि तुमची पाटी ७ म्हणते. साउंड ब्लास्टर १६ कारखान्यातून सहसा ५ वरच येते, पण अगदी पहिल्या साउंड ब्लास्टरचा नेहमीचा आयआरक्यू ७ होता आणि त्या काळातले काही गेम ७ सोडून दुसरीकडे पाहतच नाहीत, त्यामुळे आधीच्या मालकाने कार्ड मुद्दाम ७ वर नेले असणे शक्य आहे. आयआरक्यू ७ एलपीटी१ चा आहे म्हणून लोक घाबरतात, परंतु डॉसमधील छपाई बहुतेकदा इंटरप्टविनाच होते. कार्ड आहे तिथे राहू द्या, आणि डूमच्या सेटअपमध्ये साउंड इफेक्टचे कार्ड निवडताना आयआरक्यू ७ व डीएमए १ द्या. संगीताचे कार्ड तिथे वेगळे निवडायचे असते; त्याला धक्का लावण्याची गरज नाही.

लॅपटॉपवरची शांतताही याच ओळीमुळे आहे. डॉसबॉक्समधील कृत्रिम साउंड ब्लास्टर मूळ मांडणीत आयआरक्यू ७ वर असतो, आणि तुम्ही ५ लिहिलेली फाइल तिथे जशीच्या तशी नेलीत. ४८६ वर दुरुस्त केलेला फोल्डर पुन्हा नेला की दोन्हीकडे तो चालेल. डॉसबॉक्समध्ये साधी मेमरी ६३० केबीच्या आसपास मोकळी मिळत असल्यामुळे वरची काटकसर तिथे लागत नाही; अल्टिमा ७ साठी मात्र त्याच्या मांडणीच्या फाइलीत ‘ईएमएस=फॉल्स’ करावे. आवाज तुटक येऊ लागला तर मेमरीच्या मागे लागू नये. सायकल्सचा, म्हणजे डॉसबॉक्सच्या कृत्रिम प्रोसेसरच्या वेगाचा, आकडा लॅपटॉपला झेपण्यापलीकडे गेलेला असतो. कंट्रोल आणि एफ११ दाबून तो कमी करत जावा, आणि तरीही खरखर राहिली तर ‘मिक्सर’ विभागातील ‘प्रीबफर’ थोडे वाढवावे.

हे सगळे करूनही ४८६ वर गोळीबार ऐकू आला नाही, तर ‘सेट’ ही आज्ञा दिल्यावर पडद्यावर येणारा मजकूर आणि ‘एमएसडी’ या यंत्राची तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या आयआरक्यूच्या पानावरील नोंदी प्रश्नात जोडा, आणि कार्डावर छापलेला ‘सीटी’ने सुरू होणारा क्रमांकही लिहा. आयआरक्यू जम्परने (कार्डावरील छोट्या टोपीने) बदलायचा की प्रोग्रॅमने, हे त्या क्रमांकावरून सांगता येईल.